सासूबाईंना नवग्रह यात्रा करायची आहे, मला नाही. काय करू?

पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ३६, स्वतः नोकरी करतात. आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं अख्खा विभाग बंद केला आणि त्यात यजमानांची नोकरी गेली. यजमानांची रास मीन. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, मधुमेह आहे. त्यांनी मुलाची पत्रिका ज्योतिषांना दाखवली. ज्योतिषांनी सांगितलं की साडेसातीचा मधला टप्पा आहे, तमिळनाडूत कुंभकोणमजवळ नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत, ती एकाच दिवसात करा, एक जरी राहिलं तरी फळ नाही. एका प्रवासी संस्थेनं तिघांचं विमान, गाडी आणि ‘विशेष नवग्रह पूजा’ धरून ८५ हजार सांगितले. सासूबाईंनी आपल्या ठेवीतून १५ हजार आगाऊ दिलेही. यजमान म्हणतात, मी येणार नाही. वाचक लिहितात, “माझा विश्वास नाही. पण मी नाही म्हटलं आणि उद्या काही वाईट झालं, तर आयुष्यभर माझ्याकडे बोट दाखवलं जाईल. जावं की ठाम नकार द्यावा?”

ताई, नऊही देवळं एकाच दिवसात झाली पाहिजेत, असा नियम त्या देवळांचा नाही. ही अट गाडीच्या वेळापत्रकातून आलेली दिसते. कुंभकोणमहून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या नवग्रह फेऱ्या लोकप्रिय आहेत, आणि ‘एका दिवसात नऊ’ हे वाक्य त्यांच्याबरोबर पसरलं. सासूबाईंच्या मनात भीती आहे ती ‘एक राहिलं तर’ या शब्दांची, म्हणून आधी तीच गाठ सोडवू या.

ही फेरी प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. देवळं कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात विखुरलेली आहेत. चंद्राचं तिंगळूर पश्चिमेला, तंजावरच्या बाजूला, तिरुवैयारूजवळ. गुरूचं आलंगुडी कुंभकोणमच्या दक्षिणेला. राहूचं तिरुनागेश्वरम शहराला लागूनच. सूर्याचं सूर्यनार कोविल आणि शुक्राचं कंजनूर ईशान्येला, एकमेकांच्या जवळ. मंगळाचं वैदीश्वरन कोविल, बुधाचं तिरुवेंकाडू आणि केतूचं कीळपेरुंपळ्ळम पार पूर्वेला, समुद्राच्या दिशेनं. शनीचं तिरुनल्लार तर तमिळनाडूतही नाही, ते पुदुच्चेरीच्या कारैकल जिल्ह्यात आहे. त्यात बहुतेक देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात. सकाळी पाच-सहा देवळं उरकली नाहीत तर पुढचं सगळं गणित कोसळतं, म्हणून चालक घाई करतो. दर्शनाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि ज्या शनीसाठी एवढं जायचं, तिथं माणूस सर्वांत शेवटी, रात्री, थकून पोहोचतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना नऊ वेळा गाडीत चढउतार, नऊ वेळा उंच दगडी उंबरे आणि अनवाणी चालणं झेपणार नाही. हे तुम्ही सांगितलंत तर सुनेचा नकार ठरेल. म्हणून गुडघे तपासणाऱ्या डॉक्टरांना सासूबाईंसमोर विचारा.

आता ही देवळं नेमकी कोणाची, हे सासूबाईंना कळलं तर त्यांना आवडेल असं मला वाटतं. नऊपैकी आठ शिवालयं आहेत. तिरुनल्लारचा मुख्य देव दर्भारण्येश्वर, वैदीश्वरन कोविलचा वैद्यनाथ, तिरुवेंकाडूचा श्वेतारण्येश्वर, तिरुनागेश्वरमचा नागनाथ. कंजनूरला शुक्राची वेगळी मूर्ती शोधू नका, तिथं अग्नीश्वर शिवालाच शुक्र मानून पुजतात. आलंगुडीला गुरू म्हणून दक्षिणामूर्तीची पूजा होते. यातल्या सहा स्थळांच्या शिवाची स्तुती नायन्मार, म्हणजे जुन्या तमिळ शिवभक्त संतांच्या ‘तेवारम’ या भक्तिपदांत आहे, म्हणजे ग्रहांची फेरी निघण्याच्या कितीतरी आधीपासून ही क्षेत्रं शिवभक्तांची आहेत. ग्रह तिथं शिवाच्या आश्रयाला आहे. म्हणून रीतही तशीच: आधी मुख्य देव, मग देवी, मग ग्रह. गाडीतून उतरून थेट शनीसमोर जाऊन परत फिरणं ही तिथली पद्धत नाही.

ग्रह हाच मुख्य देव असलेलं नऊतलं एकच देऊळ, सूर्यनार कोविल. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या काळातलं, म्हणजे सुमारे ९०० वर्षांपूर्वीचं. गाभाऱ्यात सूर्य, त्याच्याकडे तोंड करून गुरू, आणि भोवती बाकीच्या ग्रहांची स्वतंत्र छोटी देवळं, सगळी सूर्याकडे पाहणारी. ज्योतिषांचं ‘एका दिवसात नऊ’ मोडायची सासूबाईंना भीती वाटत असेल तर ते इथं एका प्राकारात, म्हणजे देवळाच्या एकाच आवारात, सावकाश चालून तासाभरात पूर्ण होतं. तुमच्या घरचा पेच इथंच सुटू शकतो.

या स्थळाची कथाही त्यांना सांगा. कालव नावाच्या ऋषींना कुष्ठ होणार होतं. त्यांनी ग्रहांची आराधना केली आणि ग्रहांनी त्यांना त्यातून सोडवलं. तेव्हा ब्रह्मदेव रागावला: कर्माचं फळ पोहोचवणं एवढंच तुमचं काम, ते बदलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्यानं ते कुष्ठ ग्रहांनाच दिलं आणि पांढऱ्या रुईच्या वनात पाठवलं. तिथं त्यांनी शिवाची उपासना केली, रुईच्या पानावर दहीभात खाऊन व्रत केलं आणि बरे झाले. शिवानं त्यांना तीच जागा दिली आणि तिथं येणाऱ्यांवर कृपा करायचा अधिकारही. त्यांनी पुजलेला शिव जवळच्या तिरुमंगलकुडीत आहे, म्हणून आधी तिथं जाऊन मग सूर्यनार कोविलला जायचा प्रघात आहे. या कथेतले ग्रह स्वतः दुखणं भोगून आलेले आहेत. एक देऊळ राहिलं म्हणून सूड घेणारे देव मला यात कुठं दिसत नाहीत.

साडेसातीबद्दल. ज्योतिषांच्याच हिशेबानं बोलू. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. जन्मराशीच्या मागची, जन्मरास आणि पुढची रास मिळून साडेसात वर्षं. म्हणजे कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. त्यात अडीचकीच्या, म्हणजे ज्यांच्यापासून शनी चौथ्या किंवा आठव्या राशीत आहे अशा दोन राशी धरल्या तर बारापैकी पाच. यजमानांचा विभाग बंद झाला तेव्हा बाराही राशींची माणसं घरी गेली असणार. सासूबाईंशी वाद घालायला हे वापरू नका. तुमच्या स्वतःच्या मनातल्या ‘उद्या काही वाईट झालं तर’ साठी मात्र जवळ ठेवा. पुढच्या दोन-चार वर्षांत कोणत्याही घरात काही ना काही वाईट होतं, कुणी आजारी पडतं, कुणी जातं. तुम्ही गेलात तरी होईल, न गेलात तरी होईल. बोट दाखवणाऱ्याला यात्रा करूनही कारण सापडतं: मनापासून केली नाही, एक देऊळ राहिलं, पाळी होती. ती शक्यता संपवण्यासाठी ८५ हजार देऊ नका, कारण ती संपत नाही.

तारखेची घाईही तपासून पाहा. आपल्याकडच्या दृक् गणिताच्या, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष ग्रहस्थितीशी जुळवलेल्या पंचांगांप्रमाणे शनी २९ मार्च २०२५ रोजी मीन राशीत आला. तिरुनल्लारचं देवस्थान वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या सूत्रांवरून मांडलेलं पंचांग मानतं. त्याप्रमाणे तो बदल २०२६ सालात धरला गेला. आधीच्या वेळीही असंच: आपल्या पंचांगात शनी कुंभेत आला १७ जानेवारी २०२३ ला, तिरुनल्लारला तो उत्सव झाला २० डिसेंबर २०२३ ला. ज्या देवळात जायचं त्याचं पंचांग आणि ज्यानं सांगितलं त्याचं पंचांग यांत अकरा महिन्यांचा फरक पडतो आणि दोन्हीकडे भाविकांचं समाधान होतं. तेव्हा ‘याच महिन्यात निघा’ म्हणणाऱ्याला थांबवायला हरकत नाही.

तुमचा विश्वास नाही, हा प्रश्न मला तुम्हाला वाटतो तितका मोठा वाटत नाही. तुमच्या लग्नात ग्रहमख, म्हणजे ग्रहशांतीचा होम झाला असेल, वास्तुशांतीला पाटावर नऊ सुपाऱ्या मांडल्या असतील, मध्ये सूर्य, पूर्वेला शुक्र, पश्चिमेला शनी. तेव्हा कुणी तुम्हाला श्रद्धेचा दाखला मागितला नव्हता. आईच्या वयाच्या बाईला तिच्या देवापर्यंत हात धरून नेणं हे काम विश्वासाशिवायही प्रामाणिकपणे करता येतं. तिथं नाटक मात्र नको. ‘मला फळ मिळेल असं वाटत नाही, पण तुमच्यासाठी येते’ हे स्पष्ट सांगा.

यजमानांना मात्र सोडा. नोकरी गेलेल्या माणसाला ‘तुझ्या पत्रिकेत दोष आहे’ हे वाक्य ‘दोष तुझा आहे’ असंच ऐकू येतं. त्यांच्या नावानं संकल्प आईनं केला तरी चालतो. अर्चनेच्या, म्हणजे भाविकाच्या नावानं पुजारी करतात त्या पूजेच्या तिकिटाला नाव आणि नक्षत्र लागतं, माणूस समोर असावा लागत नाही. सासूबाईंना शांत वेळी एकटीनं विचारा: तुम्हाला नऊ देवळं पाहायची आहेत की मुलासाठी काहीतरी करायचं आहे? अनेक घरांत उत्तर दुसरं असतं. आठ महिने मुलगा घरात बसलेला दिसतो, आपल्या हातात काही नाही, आणि कुणीतरी करण्यासारखं काम दिलं. ते काम काढून घेऊ नका, त्यांना झेपेल असं करून द्या.

जायचं ठरलं तर दोघींनीच जा, आणि असं जा. पुण्याहून तिरुचिरापल्ली गाठा, तिथून कुंभकोणम साधारण ९०-९५ किलोमीटर. मुक्काम कुंभकोणमला, तळमजल्यावरची खोली. पहिल्या सकाळी सातच्या आत निघून तिरुमंगलकुडी, सूर्यनार कोविल आणि जवळचं कंजनूर. अकराला परत. दुपारी विश्रांती, चारनंतर तिरुनागेश्वरम. तिथं राहूला राहुकाळात दुधाचा अभिषेक होतो, मूर्तीवरून उतरताना दूध निळसर होतं अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक थांबून पाहतात. तो दिवस रविवार असेल तर राहुकाळ साडेचार ते सहा, वेळ नेमकी जुळते, गर्दीही तेवढीच. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फक्त तिरुनल्लार. अंगात त्राण उरलं तर परतताना वैदीश्वरन कोविल, नाहीतर नको. शनिवार टाळा, पूजा कोणत्याही वारी होते आणि शनिवारी रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं. हवं तर तिसरा दिवस तंजावरला ठेवा. बृहदीश्वराच्या मंदिरात तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. परमुलखात आपली भाषा दगडावर भेटली की सासूबाईंना यात्रेचं वेगळंच समाधान मिळेल.

तिरुनल्लारला काय करायचं ते नीट सांगते, कारण फसवणूक आणि दुखापत दोन्ही तिथंच होतात. नळराजाची शनिपीडा इथं सुटली अशी तिथली कथा. म्हणून लोक नळतीर्थात तेल लावून स्नान करतात आणि अंगावरचे कपडे तिथंच सोडतात. तेलामुळे पायऱ्या बुळबुळीत झालेल्या असतात. सासूबाईंनी पाण्यात उतरू नये, काठावर उभं राहून डोक्यावर पाणी शिंपडलं की पुरे. कपडे पाण्यात टाकू नका. वाहनतळापासूनच काळं कापड, तीळ, पणती यांचं ‘पूर्ण ताट’ घ्या म्हणून लोक मागे लागतात. फूल आणि एक तिळाच्या तेलाचा दिवा एवढं पुरतं, तेही दर विचारूनच घ्यावं. दिवे नेमून दिलेल्या जागीच लावायचे असतात. मग दर्भारण्येश्वर, देवी आणि शनी. अर्चनेचं तिकीट देवस्थानाच्या खिडकीवरच घ्या. मराठी माणूस तिथं रास सांगतो आणि अडतो. तिकडे आधी नक्षत्र विचारतात. यजमानांचं नाव आणि नक्षत्र इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून न्या.

मधुमेहासाठी एक गोष्ट काटेकोर पाळा. दुपारी प्राकाराचे दगड भाजतात आणि मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झालेली असली तर फोड येईपर्यंत कळत नाही. दहाच्या पुढे उघड्या प्राकारात अनवाणी फिरवू नका, रोज रात्री तळवे उजेडात पाहा, उपाशीपोटी रांगेत उभं करू नका. देव उपास मागत नाही. वैदीश्वरन कोविलला गेलात तर गावभर नाडीज्योतिषाच्या, म्हणजे ताडपत्रांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या पाट्या दिसतील. तो खासगी व्यवसाय आहे, देवळाचा भाग नाही. अंगठ्याचा ठसा देऊन आत बसलं की पुढच्या ‘शांती’ची यादी येते. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की आपण तिकडे जाणार नाही.

हे एवढंही जमत नसेल, पैशानं किंवा तब्येतीनं, तर घरी करता येतं आणि ते कमी प्रतीचं नाही. ग्रहशांतीचा जुना आधार म्हणून याज्ञवल्क्य स्मृतीकडे बोट दाखवतात. तिथं रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा, दर्भ अशा नऊ समिधा सांगितल्या आहेत, प्रत्येक ग्रहाला १०८ किंवा २८ आहुती सांगितल्या आहेत, आणि भोजनदानाबद्दल ‘शक्तितो वा यथालाभं’ असंही म्हटलं आहे: ऐपतीप्रमाणे, जे मिळेल त्यानं. ज्याचा जो ग्रह बिघडलेला त्यानं तोच पुजावा, असंही तिथंच आहे. मग शनीसाठी नऊ देवळं कशाला? ओळखीच्या गुरुजींना घरी बोलवून ग्रहमख करा, २८ आहुतींचा. गहू, तांदूळ, तूर, मूग, हरभरा, वाल, काळे तीळ, उडीद, कुळीथ ही नऊ धान्यं पाव-पाव किलो आणली तर मांडून उरतील आणि ती गरजू घरी देता येतील. दर शनिवारी सासूबाईंनी जवळच्या मारुतीला रुईच्या पानांची माळ आणि तेल वाहावं, संध्याकाळी ‘जपाकुसुमसंकाशं’ हे नवग्रह स्तोत्र म्हणावं. नऊ श्लोक, पाच मिनिटं. त्यांना शनीच्याच ठिकाणी जायचं असेल तर शिंगणापूर पुण्याहून एका दिवसात होतं. चौथऱ्यावर जायला २०१६ पासून स्त्रियांनाही मोकळीक आहे. तिथंही वाटेत गाडी अडवून ताट गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा.

आणि ते १५ हजार. प्रवासी संस्थेला फोन न करता लेखी विचारा: ‘विशेष नवग्रह पूजा’ म्हणजे कोणत्या देवळातली कोणती सेवा, तिची देवस्थानाची पावती आमच्या नावानं मिळेल का, आणि तिघांऐवजी दोघी, एका दिवसाऐवजी दोन दिवस असा बदल केला तर किती पडेल? देवळांतल्या साध्या अर्चनेला फार खर्च येत नाही, म्हणून पूजेच्या नावावर मोठी रक्कम धरली असेल तर ती वगळायला सांगा. बदलायला तयार नसतील तर रद्द करण्याच्या अटी मागवा आणि जाईल तेवढी रक्कम जाऊ द्या. उरलेले ७० हजार त्यात ओतू नका. घरात सध्या एकच पगार येतो आहे, तेव्हा यात्रेची वरची मर्यादा आधी कागदावर लिहा आणि ती रक्कम सासूबाईंच्या ठेवीतून न घेता घरखर्चातून द्या. ठेव त्यांच्या औषधपाण्याची आहे, हे त्यांना तुम्हीच सांगा.

ज्योतिषांकडे पुन्हा जायचं झालं तर सोबत जा आणि एकच विचारा: आई नऊ देवळं चालू शकत नाहीत, सूर्यनार कोविल आणि तिरुनल्लार केलं तर चालेल ना? बहुतेक जण हो म्हणतात. तो होकार सासूबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवा.